न थिजलेलं तेल

खोबरेल थंडीत थिजतं, हे आमच्या गावात कुणाला पुस्तकात वाचावं लागलं नाही. देवगडच्या बाजूच्या त्या गावात ग्रामदेवतेच्या दिव्याला घरोघरच्या पाळीने तेल जायचं. पाळी असलेली बाई आदल्या संध्याकाळी बाटली देवळातल्या कोनाड्यात ठेवी. थंडीत सकाळी ती पांढरी, घट्ट दिसली की तेल शुद्ध. एवढीच परीक्षा, आणि ती सगळ्यांना मान्य होती.

आई नारळाचा रस काढून, तो कढवून घरीच तेल करायची. पाण्याचा अंश राहिला तर दिवा तडतडतो, म्हणून शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत चुलीपुढून हलायची नाही. मी सोळा वर्षांची असताना पौषातल्या एका सकाळी तिचं तेल थिजलंच नाही. मानकऱ्यांच्या घरच्या काकीने चारचौघांत बाटली आडवी केली. तेल खळकन हललं.

“शेंगदाण्याचा तेल घातलंस मा गो ह्यात? देवाक पण फसवतंस?”

बाटलीची एक बाजू काजळीने काळी झाली होती. गुरवाने समई कोनाड्याला लागून ठेवली होती आणि तिच्या उबेने तेल पातळ राहिलं होतं. मी हे बोलून दाखवलं. गुरव मानकऱ्यांपुढे कसला तोंड उघडतो! आईची पाळी काढून घेतली. दोन दिवस ती जेवली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काकीचं नाक त्याच देवळात कापायचं, असं मी ठरवलं.

वर्षभर मी तो राग जपला. पुढच्या थंडीत बाजारातून शेंगदाण्याचं तेल आणलं आणि पडवीत तीन बाटल्या मांडल्या. थोडं मिसळलं की खोबरेल मऊसर का होईना, थिजायचंच. निम्मं मिसळलं की तळाशी पांढरा साका बसायचा आणि वरचं पातळ, पिवळसर राहायचं. मला निम्मंच हवं होतं.

काकीच्या पाळीच्या संध्याकाळी सगळे आरतीत होते. मी तिची बाटली निम्मी देवळामागे ओतली आणि माझ्याकडच्या तेलाने भरली. सकाळी सगळ्यांनी ती पाहिली. काकीने बाटली पदराआड घेतली. तिचा तो उतरलेला चेहरा आठवला की मला आजही बरं वाटतं, खोटं कशाला सांगू? बोट दाखवणारीच अशी, तर मागच्या वेळी आपलंही चुकलं असेल, असं कुणीतरी पुटपुटलं आणि आईची पाळी तिला परत मिळाली.

आई घरी आली ती हसतच. दुपारी विहिरीवर धुणं धुताना माझ्या परकराचा काठ तिच्या हाताला तेलकट लागला. तिने तो नाकाशी धरला. वास शेंगदाण्याचा होता. तेलाच्या वासात आयुष्य गेलेल्या बाईला आणखी काय सांगायचं?

मी सगळं कबूल केलं. तिच्यासाठीच केलं, असंही म्हणाले.

“ती बोललेली ता खोटा होता,” आई म्हणाली. “तू ता खरा केलंस. देवाच्या दिव्यात भेसळ आमच्याच घरान केली.”

संध्याकाळी ती मानकऱ्यांच्या घरी गेली, काकीसमोर हात जोडले आणि चूक आमच्या घरची म्हणून सांगून आली. माझं नाव तिने घेतलं नाही. गावाचा समज झाला, आईनेच केलं.