लुईसकाकांचं फडकं

तोंडवलीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनापुढे, लुईसकाका रोज सकाळी पाण्याकडे तोंड करून बसायचे. चाळीस वर्षं त्यांचं कामच ते होतं, आमच्या रापणीसाठी मासळी हेरायची. पाण्यावर तारली मासळीच्या थव्याचा काळसर डाग दिसला की ते असे ओरडायचे की आम्ही हातातला चहा ओतून होडी लोटायचो, जाळं गोल टाकायचो आणि दोन्हीकडचे दोर किनाऱ्यावरून ओढायचो. नवख्याला वाटायचं, म्हातारा आयतोबा आहे. पण दोर ओढायला हाच आयतोबा सगळ्यांच्या पुढे असायचा.

मग गावातल्याच सिद्धेशने बनात शांततेचं शिबिर काढलं. शहरातले पाहुणे तासभर डोळे मिटून बसायचे आणि उठल्यावर एकमेकांना सांगायचे, आज किती छान बसलो. मला त्या प्रकाराचा वीट आला होता. बसण्याचं कसलं आलंय कौतुक? वर काकांचे फोटो काढायचे. काकांना एवढंच कळत नव्हतं, की समुद्रापुढे येऊन ही माणसं डोळे का मिटतात.

नोव्हेंबरात काका एकदा ओरडले आणि पाहुणे दचकून उठले. सिद्धेश तणतणत आमच्याकडे आला. सात ते आठ आवाज नको, काकांनी लाल फडकं हलवावं, म्हणाला. आमच्या निम्म्या घरांत त्याचेच पाहुणे उतरतात, म्हणून आम्ही मुकाट माना डोलावल्या. काकांना सांगायला मीच गेलो. ते 'बरा' म्हणाले आणि त्यांनी फडकं घेतलं. ते आठवलं की आजही मला माझी शिसारी येते.

पुढे तीन आठवडे मासळीचा पत्ता नव्हता. चुलींवर नुसती बिनमाशाची आमटी शिजत होती. मग एका गुरुवारी तारली आली. काका उभे राहून फडकं हलवत होते, किती वेळ कोण जाणे. शब्द दिला होता म्हणून ओरडले नाहीत. आणि आम्ही अकरा धट्टेकट्टे गडी होडीला टेकून मोबाइलात डोकं घालून बसलो होतो. मी मान वर केली तेव्हा तारलीवर घिरट्या घालणारे पक्षी लांब खोल पाण्यावर पोचले होते. होडी लोटून आता उपयोग नव्हता. बनातले पाहुणे अजून डोळे मिटूनच होते.

काका वाळूतून चालत आले. फडक्याची घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली.

"मी बसतंय ता तुमी धावतास म्हणान. तुमी धावाचा सोडलास, मगे मी बसान काय करू रे, गणपत?"

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यांच्या घरी गेलो तर मारियानकाकी दारातूनच म्हणाल्या, ते झोपलेत. तेव्हा त्यांच्या जागेवर मीच जाऊन बसलो. दोन तास डोळे फाडून बघितलं. मला नुसतं पाणी दिसत होतं. शिबिरातली एक बाई मागून आली आणि तिने माझा फोटो काढला.