मधूच्या पिंपळाची तार

धरमपेठेत भाजी घेत होतो तेव्हा शोभावहिनींचा फोन आला. "भाऊ, हे उठून नाही राहिले..." एवढंच बोलल्या. हुडकेश्वरला त्यांच्या घरी पोहोचलो, तर मधू झोपेतच गेला होता. शाळेपासूनचा माझा मित्र, आणि निघताना साधी हाकही मारली नाही लेकाने! खरं सांगतो, आधी मला त्याचा रागच आला. रडू नंतर आलं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, याने बोन्साय धरलं. जरीपटक्यात कुणाची तरी जुनी भिंत पाडली, तिच्यातून निघालेला पिंपळ हा स्कूटरवर घालून घेऊन आला. खोड माझ्या मांडीएवढं, वरून करवतीने छाटलेलं, आणि त्यातून फुटलेल्या चार काड्या. वहिनी भडकल्या. पिंपळ घरात लावत नाहीत, आणि त्याला कापत तर मुळीच नाहीत! मधूने कुंडी गच्चीवर नेली, आणि दर छाटणीआधी खोडाला नमस्कार करायचं वहिनींना कबूल केलं. तो शब्द त्याने शेवटपर्यंत पाळला.

एखादी फांदी तो मोकाट लांब वाढू द्यायचा. ती चांगली जाड झाली की बुडाशी कोंब फुटायचे दोन डोळे ठेवून सपकन कापायचा. त्यातून फुटवे यायचे, मग त्यांचंही तेच. माझा जीव हळहळायचा. "काहून गा तोडली? एवढी पोसलेली फांदी!"

"नुसतं खोड जाड असून काय होते गा? फांद्या त्याले शोभल्या पायजेत ना!" तो म्हणायचा. वर्षं गेली यात. असा चिवट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

डावीकडची एक फांदी मात्र सरळ वरच जायची. पानं गळली होती, तेव्हा त्याने तिच्यावर ॲल्युमिनियमची तार गुंडाळली आणि तिला हळूहळू आडवी वळवली. फांदीने वळण धरलं की तार काढायची असते, पण त्यानंतर काही दिवसांतच तो गेला. पुढे तांबूस पालवी फुटली, फांदी भरू लागली आणि तार सालीत रुतायला लागली.

"वहिनी, तार काढा लागते," मी म्हटलं.

"हात नका लावू भाऊ. ह्यांच्या हातचं शेवटचं काम आहे ते."

पुढच्या खेपेला गेलो तर तार आणखी आत. मग मात्र राहवलं नाही. "ही तार फांदीचा गळा आवळून राहिली, वहिनी! मधूची एवढ्या वर्षांची मेहनत वाया जाईल!" आवाज चढला माझा. त्यांनी वाकून रुतलेली तार बोटाने चाचपली, मग स्वतःच खाली जाऊन मधूचं कटर घेऊन आल्या.

"उलगडू नका, एकेक वेढा तोडा," मी सांगितलं. तारेचे तुकडे पडत गेले. वहिनींनी सालीला एकदाही धक्का लागू दिला नाही. शेवटचा वेढा तुटला तसा त्यांनी पटकन वरून फांदीवर तळहात ठेवला. ती पुन्हा वर जाईल, ही धास्ती.

"सोडा वहिनी."

"वर गेली तर?"

"सोडा."

त्यांनी हात काढला. फांदी हलली नाही. मधूने वळवली होती तशीच, तिथेच राहिली. सालीवर तेवढे तारेचे वळ होते.

"राहिली वं माय..." वहिनी म्हणाल्या, आणि मधू गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडल्या.