पाठीवरच्या नाड्या

ऑपरेशनच्या गाऊनच्या नाड्या पाठीवर बांधायच्या असतात. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी उभं असणारच, असं गाऊन शिवणाऱ्याने धरूनच चाललेलं असावं. वजन कमी करायच्या ऑपरेशनसाठी मी परगावी एकटीच आले. घरी सांगितलं असतं तर "दोन घास कमी खा, पोट कशाला कापून घेतेस?" एवढंच ऐकावं लागलं असतं. घरच्यांच्या लेखी मी मैत्रिणीच्या वास्तुशांतीला आले आहे.

माझा हात मागे नाड्यांपर्यंत पोचेना. मी भिंतीला पाठ टेकून उभी राहिले. भिंत गार होती.

शेजारच्या पलंगावर एक सासूबाई ऑपरेशनआधी सुनेच्या दोन वेण्या घालत होत्या. त्यांनी विचारलं, "तुमच्यासोबत कोण आलंय?"

"येतीलच इतक्यात."

"तोवर वळा जरा."

ही पाठ मी कितीतरी वर्षांत फोटोतही येऊ दिली नव्हती. नाड्या एकमेकींना पुरेनात, तेव्हा त्यांनी हातातली रिबीन मध्ये जोडून घट्ट गाठ मारली.

"आता तुमचं माणूस येईपर्यंत सुटायची नाही," असं म्हणून त्यांनी दाराकडे पाहिलं.

मीही पाहिलं.