घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या हायस्कूलच्या भिंतीवर आता म्हणे तक्रारपेटी लावलीय. परवा नातवाने मोठ्या कौतुकाने सांगितलं. विद्यार्थ्यांनी आपलं गाऱ्हाणं चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं, नाव लिहायची गरज नाही. मी म्हटलं, वा रे वा, उशिरा का होईना, सुचलं! आणि मग दिवसभर माझं डोकं फिरलेलं राहिलं. कारण 'गाऱ्हाणं' ह्या एका शब्दापायी त्याच शाळेत माझ्या मित्राचं मॅट्रिक गेलं, आणि तो शब्द हेडमास्तरांच्या कानात घालणारा मी होतो.

परक्या माणसाला आधी हे सांगायला हवं. देशावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्या मालवणकडे गाऱ्हाणं घालतात ते देवाला. नारळ ठेवायचा, एकाने देवाशी अरे-तुरेत बोलायचं, सगळ्यांचं भलं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी एका सुरात 'होय म्हाराजा!' म्हणायचं. लग्न असो, नवी होडी असो, कोर्टाची तारीख असो, गाऱ्हाण्याशिवाय आमचं पान हलत नाही.

माझ्या मित्राचा काका त्यांच्या वाडीचं गाऱ्हाणं घालायचा, आणि ऐकून ऐकून ह्यालाही ते तोंडपाठ झालं होतं. वडील रापणीवर जाळं ओढायचे, आई डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची. बंदराच्या हापिसात कारकुनाची जागा निघणार होती. मुलगा मॅट्रिक झाला तर बघू, असं तिथल्या साहेबाने त्या माउलीला बोलता बोलता सांगितलं होतं. तिने त्या 'बघू'चं 'घेऊ' करून अख्ख्या बाजाराला ऐकवलं होतं.

हेडमास्तर घाटावरून बदलून आलेले. त्यांचे नियम दोन. शाळेत शुद्धच बोलायचं, आणि चार मुलांनी एकत्र जमायचं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस होते, कुठे घोषणा ऐकू आली की गृहस्थाला घाम फुटायचा. छडी मात्र कायम हातात. मी त्यांचा लाडका. माझे वडील कचेरीत, त्यामुळे घरात पुस्तकी मराठी चालायची. माझी जीभ सरळ होती म्हणून मला मॉनिटर केलं होतं, अक्कल बघून नव्हे.

अकरावीचे, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचे, फॉर्म भरून हेडमास्तरांच्या टेबलावर गेले, त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही सगळे शाळेमागच्या वडाखाली जमलो. तिथे देव मानलेला एक पाषाण होता, त्याच्यापुढे नारळ ठेवला. मित्र हात जोडून उभा राहिला, आणि आम्हा एकेकाचं नाव घेऊन त्याने सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरां नारळ ठेवन तुज्यासमोर उभी आसत!"

"होय म्हाराजा!"

"तेंका मॅट्रिकाक यश दी! येकय मागे रवाक नको!"

"होय म्हाराजा!"

"आमच्या हेडमास्तरांका सुखी ठेव, तेंचो हात जरा हलको कर! जां काय वाकडां-नाकडां आसात, तां पायाखाली घाल!"

ह्या वेळचं 'होय म्हाराजा' असं काही दणदणीत झालं की वडावरचे कावळे उडाले. आणि हेडमास्तर शिपायाला घेऊन धावत आले.

"कसल्या घोषणा ह्या? काय चाललंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो आणि अगदी शुद्ध मराठीत म्हणालो, "सर, तो गाऱ्हाणं घालतोय."

"कुणाविरुद्ध?"

"तसं नाही सर, सगळ्यांची नावं आहेत. तुमचंही आहे."

देवापुढे आपलं नाव घेतलं हे ऐकून माणूस खूश होईल, असं मला वाटलं होतं. गाढवच मी!

त्यांनी मला ऑफिसात नेलं, पुढ्यात कागद टाकला. तो काय काय म्हणाला ते शुद्ध भाषेत लिही. मी लिहिलं. ध चा मा करणारे वेगळे, मी तर एक अक्षर बदललं नाही. 'हेडमास्तरांना सुखी ठेव, त्यांचा हात जरा हलका कर. जे काही वाकडं-नाकडं असेल, ते पायाखाली घाल.' त्यांनी ते वाचलं आणि त्यांचे कान लाल झाले.

"म्हणजे मी मारकुटा! मी वाकडा! आणि मला पायाखाली घालणार!"

त्या क्षणी मला लख्ख कळलं की हा माणूस तक्रार ऐकतोय. सर, आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे प्रार्थना, एवढंच सांगायचं होतं. तोंडही उघडलं होतं मी. पण टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा होता, सर्वांत वर माझा, आणि त्यावर त्यांचा हात होता.

"खाली सही कर," ते म्हणाले. मी केली.

मित्राला वर्गासमोर दोन्ही हातांवर सहा सहा छड्या बसल्या. मग हेडमास्तरांनी विचारलं, "ह्याला होय म्हणणारे कोण कोण होते? उभे राहा." एकही बाक करकरला नाही. मी मॉनिटर, पहिल्या बाकावर, मूग गिळून बसलेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार त्याने खाल्ला, आणि तोंड दाबणारे आम्ही होतो.

शेवटी हुकूम निघाला. 'मी गाऱ्हाणं घातलं ही माझी चूक झाली, ते मी मागे घेतो,' असं लिहून दे, नाहीतर फॉर्म जाणार नाही. मी त्याला शाळेच्या विहिरीजवळ गाठून विनवलं. म्हटलं, लिही रे बाबा, एक ओळ तर आहे.

"घातललां गाऱ्हाणां मागे घेवक येणा नाय," तो म्हणाला. "तेच्यात तुमची सगळ्यांची नावां आसत. मी मागे घेतलंय आणि तुमच्यातलो कोण नापास झालो तर?"

मला संताप आला. देवाला काय शाळेचा कागद दिसतो, असं मी त्याला खेकसून बोललो. तो सुजलेले हात विहिरीच्या कठड्यावरच्या बादलीत बुडवून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई मासे विकून तशीच शाळेत आली. पाटी दाराबाहेर ठेवून, पदर पसरून म्हणाली, "सायबानू, माजां येक गाऱ्हाणां आसा."

"आता आईचंही!" हेडमास्तर ओरडले, आणि शिपायाने तिला बाहेर काढलं. काय चुकलं ते त्या बाईला मरेपर्यंत समजलं नाही.

फॉर्म गेला नाही. दाखल्यावर 'वर्तणूक असमाधानकारक' असा शेरा आला, आणि तो दाखला बघून बंदराच्या हापिसाने त्याला दारातही उभं केलं नाही.

निकाल लागला. आमच्या वर्गातलं एकही मूल नापास झालं नाही. त्या शाळेत तसं आधी कधी घडलं नव्हतं. हेडमास्तरांनी सभा घेऊन सांगितलं, हे शिस्तीचं फळ आहे. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या, निर्लज्जासारख्या!

संध्याकाळी पेढे घेऊन मी समुद्रावर गेलो. तो रापणीचा दोर गुंडाळत होता.

"सगळे पास झाले?"

"सगळे."

"मगे देव पावलो," तो म्हणाला, आणि त्याने पेढा तोंडात टाकला. खरंच बरं वाटलं होतं त्याला, तेच मला सोसेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "हेडमास्तर घाटावरचो रे. तेका आपलो शब्द कळाक नाय."

त्याने दोर खाली ठेवला.

"तेका नाय कळलो," तो म्हणाला. "तुका कळललो मां?"

होय. एवढंच उत्तर होतं, आणि तेही माझ्या तोंडून निघालं नाही.