मल्हारी निरगुडे चौतिसाव्यांदा मरतो

मल्हारी निरगुडे याने कॅनडात आजवर तेहतीस वेळा प्राण सोडला आणि एकदाही त्याचं तोंड कुणाला दिसलं नाही.

टोरांटो शहरात परग्रहांवरच्या गोष्टींच्या टीव्ही मालिका बनतात, त्यांत तो परग्रहवासी होतो. नायक नव्हे, खलनायकही नव्हे. खलनायकाच्या मागे जे सात-आठ जण उभे असतात, त्यांतला डावीकडून दुसरा. कधी हिरवा, कधी खवल्यांचा. एकदा तर नुसता वरचा अर्धा, कारण खालचा अर्धा दुसऱ्या नटाकडे होता आणि दोघांचं चालण्याच्या दिशेवरून पटत नव्हतं. शेवटी नावं सरसर वर जातात त्यात त्याचंही असतं, पण तोवर लोक उठून हात धुवायला गेलेले असतात.

गडी मूळचा पिंपळगाव बसवंतचा. नाशकात हॉटेल मॅनेजमेंट केलं, पुढच्या डिप्लोमाला टोरांटोला गेला आणि तिथल्या एका हॉटेलात कांदे चिरायला लागला. म्हणजे पिंपळगावातून निघून सात समुद्र ओलांडून पुन्हा कांद्यापाशीच. उंची सहा फूट पाच इंच, अंगावर मांस गरजेपुरतं. एकदा जेवायला आलेल्या एका बाईंनी त्याला खालून वर नीट न्याहाळलं आणि विचारलं, "पाच तास न हलता बसता येईल का तुला?" बाई टीव्हीसाठी रबरी तोंडं बनवायच्या. त्यांचे नट मेकअपच्या खुर्चीत तासाभरातच खाजवायला लागत, रडत, वकिलाला फोन करत. मल्हारीला हसू आलं. त्याचं बालपण बापाशेजारी कांद्याच्या ट्रॉलीवर, बाजार समितीच्या रांगेत गेलं होतं. तेही भर उन्हात. पाच तासांत तिथे रांग फार तर चहाच्या टपरीपर्यंत सरके. तो जो खुर्चीत बसला, तो बारा वर्षं उठलाच नाही.

इकडे त्याची आई, लंकाबाई, त्याने पाठवलेले मालिकांचे तुकडे टीव्हीला जोडून शेजारणींना दाखवी.

"ह्यो माझा मल्हारी."

"कुठला गं? शिंगवाला?"

"नाय, त्याच्या मागचा. ज्याला नाक नाय तो."

एक अख्खा सीझन ती भलत्याच राक्षसाचं कौतुक करत होती. शनिवारी मीठ-मोहऱ्या घेऊन टीव्हीवरून ओवाळून त्याची दृष्टही काढायची. पुढे कळलं, तो राक्षस विनिपेगचा कुणी स्टीव्ह होता. लंकाबाई म्हणाली, "असू दे. त्याची तरी कोण काढतंय तिकडं?"

आता अशा माणसाचं लग्न जमवायचं होतं. वय सदतीस. लंकाबाईनं बस स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात बायोडाटा टाईप करायला घेतला. नोकरीच्या रकान्याला आल्यावर ती म्हणाली, "लिही, अंतराळात असतो. कॅनडाकडून." टाईप करणाऱ्यानं डोकं वापरलं. एरवी तो ते वापरत नसे. त्यानं लिहिलं: 'अंतराळ संशोधन, कॅनडा.' वर गणपती, खाली सुटातला फोटो, आणि कागद व्हॉट्सॲपवरून जिल्हाभर फिरायला निघाला. फिरत फिरत तो खंडेराव गुरुजींकडे पोचला. गुरुजी शेजारच्या गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांची मुलगी हर्षाली द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये माल तपासणारी सुपरवायझर.

मल्हारी तीन आठवड्यांची सुट्टी काढून आला. रविवारी बघण्याचा कार्यक्रम झाला. गच्चीवर दोघांना पंधरा मिनिटं दिली, त्यातली पाच शेजारच्या कुत्र्यानं खाल्ली. हर्षालीनं आल्या आल्याच सांगून टाकलं, "पोहे मी केलेले नाहीत. आत्यानं केलेत, मीठ कमी पडलंय." मल्हारी तिथेच पाघळला. तिनं विचारलं, "काम अवघड असतं?" तो म्हणाला, "पहाटे चारला जावं लागतं. अंगावर सगळं चढवायलाच पाच तास. श्वास घ्यायला जरा त्रास होतो." तिनं काळजीनं मान हलवली. त्याला वाटलं, काय समजूतदार मुलगी आहे!

मंगळवारी सकाळी तो दाढी करून चौकात आला तर समोर फ्लेक्स. 'पिंपळगावचे सुपुत्र, आंतरराष्ट्रीय अंतराळ शास्त्रज्ञ मा. मल्हारी निरगुडे यांचे व्याख्यान. आज दुपारी ठीक ३ वाजता, शाळेच्या पटांगणात.' शेजारी उडणारं रॉकेट आणि रॉकेटच्या धुरात गावातल्या अकरा मान्यवरांचे फोटो. आयोजक: खंडेराव गुरुजी.

मल्हारी धावत घरी आला. "आई, बायोडाट्यात काय लिहिलंयस तू?"

"खोटं काय लिहिलं? तू तिथंच तर असतो सगळा येळ. मी सोता पाह्यलंय."

"अगं, ते प्लायवूडचं असतं!"

"मंग काय झालं? आपलं कपाट बी प्लायवूडचंच हाय. कपाट नाय का ते?"

मल्हारीनं खिशातून फोन काढला. त्यानं हर्षालीला सहा फोन केले. उचलेना. पॅकहाऊसमध्ये मोबाईल आत नेऊ देत नाहीत, हे त्याला सातव्या वेळी आठवलं. तो थेट तिकडेच गेला. वॉचमननं त्याचा फोन काढून घेतला, हात धुवायला लावले आणि डोक्याला जाळीची टोपी, तोंडाला मास्क, अंगात पांढरा झगा, बुटांवर पिशव्या असा सगळा साज चढवून आत सोडलं.

तोंड झाकल्याबरोबर मल्हारीला हायसं वाटलं. उघड्या तोंडानं त्याला कधी चार वाक्यं धड बोलता आली नव्हती. समोर हर्षालीही तशीच, फक्त डोळे दिसत होते. हातात कात्री, घडातले चिरलेले मणी टिपून काढत होती.

"मी शास्त्रज्ञ नाही," तो म्हणाला.

कात्री थांबली. "मग कोण आहात?"

"राक्षस. पण साधा. मागे उभा असतो." आणि त्यानं एका दमात सगळं सांगितलं, अगदी स्टीव्हसकट.

"रविवारी ते श्वासाचं म्हणालात ते?"

"रबरामुळे."

ओळीतल्या बायांचे हात केव्हाच थांबले होते. पलीकडून साळूबाईनं आवाज दिला, "ताई, पाव्हणा काय म्हणतोय?"

"राक्षस आहे म्हणतोय."

"मंग जेवाया किती लागतं ते इचारून घ्या आधी."

सगळी ओळ हसली. हर्षाली हसली का, ते मास्कमुळे कळलं नाही. तिनं पुढचा घड उचलला. "मला सांगितलंत, बरं केलंत. आता पप्पांना सांगा. कानात नाही. ज्या माईकवरून ते तुमचं कौतुक करतील त्याच माईकवरून. राक्षसाचं काय ते मी बघीन, पण खोटारडा मला चालणार नाही."

"मास्क लावून सांगितलं तर?"

"तोंड उघडं ठेवून," ती म्हणाली. "मी अर्धी रजा टाकून येतेय."

तीन वाजता शाळेच्या पटांगणात चारशे पोरं मांडी घालून बसली होती. गुरुजींनी अठरा मिनिटं कौतुक केलं. शेवटी म्हणाले, "असा माणूस आपल्या घरात येणं हे भाग्यच," आणि जीभ चावली, कारण अजून काही ठरलं नव्हतं. शाल झाली, नारळ झाला. मल्हारी माईकपाशी आला. शेवटच्या रांगेत हर्षाली उभी होती, हाताची घडी घालून.

"मुलांनो," मल्हारी म्हणाला. "मी शास्त्रज्ञ नाही. टीव्हीत राक्षसाचं काम करतो. तो फ्लेक्स चुकीचा आहे. गुरुजींची चूक नाही, आमच्याकडून बायोडाटा चुकला."

गुरुजींचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी उठली. "राक्षस होऊन काय करता सर?"

"मरतो," मल्हारी म्हणाला.

"मरून दाखवा की!"

चारशे पोरं एका सुरात ओरडायला लागली. मल्हारीनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी कुठेच पाहत नव्हते. मग त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. छातीत अदृश्य किरण घुसला. तो डगमगला, टेबलाला धरून एक एक बोट सोडत खाली आला, गुडघ्यांवर टेकला, आकाशातल्या आपल्या ग्रहाकडे हात केला, तो हात हळूहळू विझला, आणि सहा फूट पाच इंच माणूस स्टेजवर आडवा झाला. चार मिनिटं लागली. एकही पोरगं खोकलं नाही. मागच्या दोघींनी तर रडायला सुरुवात केली.

गुरुजी उठून प्रेतापाशी आले आणि उकिडवे बसले.

"तीस वर्षं गॅदरिंग बसवतोय मी," ते हळू आवाजात म्हणाले. "एक पोरगं धड मेलं नाही. मेलं की डोळा उघडून बघतं, टाळ्या पडल्या का."

प्रेतानं डोळे मिटलेलेच ठेवले.

"ऐकू येतंय ना?"

"येतंय," प्रेत ओठ न हलवता म्हणालं.

"काम कायमचं आहे का हे?"

"मरणारे लागतातच, सर."

"घर?"

"भाड्याचं. दोन खोल्या."

"दारू?"

प्रेतानं थोडा विचार केला. "बिअर. मेल्यावर. कधी कधी."

"हं. खोटं बोलत नाही, एवढं दिसतंय." गुरुजींनी मागे वळून पाहिलं. पोरं जागची हलली नव्हती. "पडून राहा. बघतायत अजून." मग मान उंच करून त्यांनी हाक मारली, "हर्षाली, इकडे ये. तूच सांग बाई आता काय ते."

हर्षाली रांगांमधून वाट काढत स्टेजवर आली. वाकून तिनं प्रेताचा चेहरा नीट पाहिला. आता त्यावर काही चढवलेलं नव्हतं, नाक वगैरे सगळं जागेवर होतं. घामानं भिजलेला आणि चांगलाच घाबरलेला माणूस होता तो.

"उठा," ती म्हणाली. "साखरपुड्याला असं पडून चालायचं नाही."

मल्हारीनं एक डोळा उघडला.

"बघा!" गुरुजी कळवळून म्हणाले. "शेवटी यानंही उघडलाच."