मिस्त्रींच्या एकतीस पोस्टी

मिस्त्री साचे करायचे. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा असेल तर आधी तो लाकडात हुबेहूब करावा लागतो. मग तो वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेला रस ओतायचा. त्या लाकडी भागाला साचा म्हणतात, आणि तो करणाऱ्याला कोणी काहीच म्हणत नाही, कारण असा माणूस असतो हेच लोकांना ठाऊक नसतं. पस्तीस वर्षं मिस्त्रींनी हेच केलं. हात असा की कारखान्यातले साहेब साचा तपासायलाही विसरायचे.

मग एकेक गिऱ्हाईक गळत गेलं. कोणी बंद पडलं, कोणी मशीनवर साचे कापायला लागलं. शेवटी उरले एकटे पाण्याचे पंप बनवणारे पंपवाले, आणि तेही महिन्यातून एखादा साचा टाकायचे, तोही उपकार केल्यासारखा. मिस्त्री रोज सकाळी शेड उघडत, रंधा हातात घेत, पुसत आणि परत ठेवत. बायको म्हणाली, "किती दिवस त्या रिकाम्या शेडला झाडू मारणार आहात? माझ्या भावाने गोदामाच्या फाटकावर जागा धरून ठेवलीय. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, बस्स."

गाड्यांचे नंबर! केसाएवढ्या फरकावरून आख्खा साचा फोडणारा माणूस, तो आता नंबर लिहिणार? त्यांनी तीन महिने मागून घेतले. "तीन महिन्यांत एक नवं गिऱ्हाईक आणून दाखवतो. एकच. नाही आणलं तर शेडला कुलूप, आणि तू म्हणशील तिथे जाऊन बसतो."

गिऱ्हाईक आणायचं कुठून, तर बहिणीची मुलगी मदतीला आली. ही भाची ऑफिसात काम करणारी, जगाच्या चार पावलं पुढे. कामधंद्याच्या ओळखी जुळवणाऱ्या त्या साइटवर तिने मामाचं खातं काढलं. फोटोसाठी आपल्या बापाचा कोट घालायला लावला, तो खांद्यावर असा लोंबत होता की मामा त्याच्या आत राहायला आलाय असं वाटावं. नावाखाली लिहिलं, 'प्रिसिजन कास्टिंग सोल्युशन्स, संस्थापक'.

"अगं, मी साचे करतो."

"तेच ते, मामा. आता ऐक. इथे काम मागायचं नाही हं. मागितलं की लोक लांब पळतात. आपल्याकडचं ज्ञान वाटायचं. दोन-तीन दिवसांआड थोडं थोडं. विश्वास बसला की काम आपोआप चालत येतं."

खरं तर भाचीचं काही चुकलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर चार गोड वाक्यं लिहून, मेख आपल्याकडे ठेवून मोकळा झाला असता. पण हा साच्यावाला! समोर ड्रॉइंग आलं की त्यातल्या आकड्याशी वाद घालायचा नाही, लिहिलंय तसं शेवटच्या मापापर्यंत करायचं, हीच त्यांची आयुष्यभराची शिस्त. ज्ञान वाटायचं सांगितलंय ना? वाटू या. आणि त्यांनी सगळंच वाटायला काढलं.

एका बोटाने टाइप करत मिस्त्री लिहू लागले. थंड होताना लोखंड आक्रसतं, म्हणून साचा किती मोठा ठेवायचा. अॅल्युमिनियमला किती, पोलादाला किती. साचा उचलताना वाळू ढासळू नये म्हणून बाजूंना उतार कसा द्यायचा. लाकूड कुठून चिरलं तर पुढच्या वर्षी वाकत नाही. त्यांचे उस्ताद यातलं एक माप विचारलं तरी पाठ फिरवायचे. मिस्त्रींनी सात वर्षं नुसतं बघून बघून ते चोरलं होतं. आता फोटोसकट, आकड्यांसकट सगळं चव्हाट्यावर.

लोकांनी डोक्यावर घेतलं हो! "सर, तुम्ही खजिना आहात." "काका, साष्टांग नमस्कार." एका विमा एजंट बाईने तर प्रत्येक पोस्टीखाली टाळ्या वाजवल्या. चार हजार माणसं फॉलोअर म्हणून मागे लागली. बायको शेजारणीला सांगू लागली, आमचे हे लिहितात म्हणून. मिस्त्री मात्र रोज भाचीला विचारायचे, "यातलं गिऱ्हाईक कुठलं गं?"

"दम धर, मामा."

दम धरला. दोन महिन्यांत एकच फोन आला, तोही आणखी दहा हजार माणसं मागे लावून देतो म्हणणाऱ्याचा. पंपवाल्यांकडूनही काम येईना. मिस्त्रींची झोप गेली, जेवण गेलं. एवढी माणसं वाहवा करतात आणि एकालाही आपला हात नको, हे त्यांना कळतच नव्हतं. एकदा शेडमध्ये बसून ते लहान मुलासारखे रडले, आणि मग डोळे पुसून अठ्ठाविसावी पोस्ट लिहिली.

मुदत संपायला आठ दिवस उरले असताना पंपवाल्यांच्या तरुण इंजिनियरचा मेसेज आला. आलं काम!

"काका, तुमचे मनापासून आभार. तुमच्या सगळ्या पोस्टी आम्ही छापून फाइल केल्या आणि आमच्या सुतारांना शिकवल्या. आता साचे इथेच बनतात. हा बघा आमचा पहिला."

खाली फोटो होता. बायको खांद्यावरून वाचत होती. "अहो, हाताने दिलंत की सगळं."

मिस्त्री फोटो मोठा करून बघत होते. साचा वाईट नव्हता. पण आतले कोपरे काटकोनात, टोकदार सोडले होते. "गोलाई नाही," ते पुटपुटले. "रस थंड होताना बरोब्बर तिथेच तडकणार. एकतीस पोस्टींत हे लिहायचंच राहिलं. कोण लिहितो? हाताला माहीत असतं ते."

बायकोचे डोळे चमकले. "मग गप्प बसा! देवाशपथ, एक अक्षर लिहू नका. दहा पंप तडकू देत, धावत येतील दारात."

"तडकल्यावर साच्याला दोष देतील आणि मशीन आणतील," मिस्त्री म्हणाले. "त्यापेक्षा आत्ताच सांगतो. नुसत्या फोटोवरून चूक धरली म्हटल्यावर कळेलच की त्यांना, आपल्याशिवाय यांचं भागायचं नाही ते."

बायकोने फोन ओढायला हात पुढे केला. तो बाजूला सारून त्यांनी एका बोटाने लिहून काढलं. कुठल्या कोपऱ्याला किती गोलाई, मेण कसं भरायचं, अंगठा कसा फिरवायचा, सगळं. पाठवलं आणि दोघंही पडद्याकडे बघत बसली.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "वा काका! वाचवलंत. लगेच दुरुस्त करतो. यावर एक वेगळी पोस्ट होऊन जाऊ द्या, आम्ही फाइलला लावतो."

मिस्त्री वाट बघत राहिले. पुढे काहीच आलं नाही. शेवटी त्यांनी फोन उलटा करून ठेवला.

मग ते बायकोला म्हणाले, "तुझ्या भावाला विचार, एक तारखेला फाटकावर किती वाजता यायचं."