एकट्याच्या मापाची गाडी

आयटीआयमधून निवृत्त झालो, आणि बायको जाऊन दुसरं वर्ष सरत होतं, तेव्हा मी आमची जुनी गाडी खाली बसवायचं काढलं. म्हणजे स्प्रिंगा कापून तिची उंची कमी करायची. हा कॉलेजातल्या पोरांचा शौक, साठीच्या माणसाला शोभत नाही, असं गल्लीतल्या प्रत्येकाने मला आपापल्या परीने ऐकवलं. मी लक्ष दिलं नाही. फिटरचं काम शिकवण्यात माझी हयात गेली, आणि नांदेडच्या त्या घरात हात रिकामे राहिले की मला भीती वाटायची. खरं कारण तेवढंच.

गाडी जॅकवर चढवली आणि अंगणात आठवडाभर रमलो. चाकं काढली, स्प्रिंगा उतरवल्या, ग्राइंडरने प्रत्येकीचा एकेक वेढा उडवला. अडचण आली ती मापाची. माणूस बसल्यावर गाडी किती दबते हे बघायला एकाने आत बसावं लागतं आणि दुसऱ्याने बाहेरून पट्टी धरावी लागते. शेजाऱ्याला हाक मारली असती तर तो आला असता, वर फुकटचा उपदेशही केला असता. म्हणून मी माझ्या जागी पाण्याचे जार ठेवले. दोन सीटवर, एक पायाशी. साठ किलो, म्हणजे मी. चाकाच्या वर दोन बोटं फट राहिली, पाहिजे होती तेवढीच. गल्लीच्या तोंडचा गतिरोधक गाडीने न घासता ओलांडला, तेव्हा मी स्वतःवर भलताच खूष झालो.

लातूरला माझी आक्का दोन खोल्यांत एकटीच राहते. दाजी गेल्यापासून मी तिच्या मागे लागलो होतो, माझ्याकडे कायमची राहायला ये म्हणून. ती नुसतं ‘बघू’ म्हणायची. त्या दिवाळीनंतर कबूल झाली, पण अर्धवटच. पेटी आणणार नाही, नुसती पिशवी घेऊन येणार, आठ दिवस राहून बघणार आणि मग ठरवणार. मला तेवढंही पुष्कळ होतं. गाडी धुऊनपुसून मी तिला आणायला गेलो.

लातूर सोडलं आणि पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट खर्रकन घासलं. दुसऱ्यावर तर ती अडकलीच. आक्का उतरली. गाडी पलीकडे गेली, ती चालत आली आणि पुन्हा बसली. मग अहमदपूर, लोहा आणि मधली सगळी गावं, हाच कार्यक्रम. तिचे गुडघे दुखरे. दर वेळी दाराला धरून उठताना ती ओठ आवळायची. मला माझाच राग यायचा आणि तो मी रस्ता बांधणाऱ्यांवर काढायचो. गल्लीच्या तोंडाशी ती शेवटची उतरली. मला पुढे व्हायला सांगितलं. मी एकटाच घरापर्यंत गाडी आणली. आरशात ती दिसत होती, पिशवी या हातातून त्या हातात घेत मागून येणारी.

दारात चप्पल काढताना ती एवढंच बोलली, "गाडी चांगली केलास. पर एकल्यापुरतीच केलास."

त्या आठ दिवसांत तिने माझ्या बायकोचे डबे घासून उन्हात ठेवले, रोज गरम भाकरी वाढली, आणि मी अखंड बोलत राहिलो. इतकं मी वर्षात बोललो नव्हतो. मग ती एसटीने परत गेली. गाडीने सोडतो म्हणायची माझी हिंमत झाली नाही. संध्याकाळी सवयीने दोन ताटं काढली आणि एक परत ठेवून दिलं. बायको गेली तेव्हा घर रिकामं झालं होतं. आक्का गेल्यावर ते मला नकोसं झालं.

कापलेली स्प्रिंग पुन्हा लांब होत नाही, म्हणून नव्या घ्यायला दुकानात गेलो. दुकानदाराने नरम आणि कडक अशा दोन जोड्या पुढे ठेवल्या आणि विचारलं, गाडीत नेहमी किती माणसं असतात. साधा धंद्यातला प्रश्न. जरा थांबा म्हणून पायऱ्या उतरलो आणि तिथूनच आक्काला फोन लावला.

"आक्का, तुझं वजन किती हाय?"

"आता ह्या वयात कशाला रं?"

"गाडी वर उचलायलोय. या वेळेला माप नीट घ्यायचंय."

पलीकडून नुसती तिच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. फोन कट झाला की काय म्हणून मी कानापासून दूर धरून बघितला.

"पंचावन्न धर," ती म्हणाली. "अन् पेटीचं येगळं."

मी परत पायऱ्या चढलो आणि कडक जोडी मागितली.